राजूरकरांचा दुसरा रुमाल

राजूरकरांच्या कोटाच्या दोन खिशांत दोन रुमाल असत. उजव्या खिशातला धुराचा. मोटार सुरू झाली की ते मागे जाऊन धुराच्या नळीपुढे तो धरत, थोड्या वेळानं उलटून बघत, हुंगत, आणि इंजिन किती तेल पितं ते त्यांना समजे. डाव्या खिशातला रुमाल सौद्यात भाव करायचा. तो मोठा, पांढरा, घरी खळ देऊन इस्त्री केलेला. त्याच्यावर कधी डाग दिसला नाही. राजूरकरांच्या बायकोला, आमच्या गल्लीच्या माईकाकूंना, आयुष्यात नवऱ्याकडून शाबासकी मिळाली असेल तर त्या रुमालाच्या इस्त्रीबद्दल, आणि तीही मी ऐकलेली नाही.

मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. संस्थानच्या मोटारखान्यात ते कामदार, म्हणजे प्रमुख, मी हिशेबाला. राहायलाही आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागात एकाच गल्लीत. त्यामुळे दिवसा साहेब आणि संध्याकाळी शेजारी असा हा माणूस मला दोन्ही वेळा पचवावा लागे. सगळे त्यांना पंत म्हणत. तोंडावर.

मोटारखान्याच्या जागी पूर्वी पागा होती आणि पंतांचे वडील त्या पागेसाठी घोडे खरेदी करत. घोड्याचा भाव कोणी तोंडानं बोलत नसे. दोघांच्या हातांवर शेला टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं दाबायची. जितकी बोटं दाबली तितके शेकडे. पटलं तर समोरच्यानं तळहात उलटा करायचा, नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. भोवती कितीही माणसं उभी असोत, कोणाला काही कळत नसे. मेळ्यातल्या गुरांच्या बाजारात ही रीत सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेली होती. पंतांनी ती मोटारींना लावली. शेल्याचा रुमाल झाला आणि शेकड्यांचे हजार झाले. "सरदार माणसाला आपल्या वस्तूची किंमत कानानं ऐकवत नाही, जोशी," ते मला म्हणत. "बोटानं ऐकवते."

मग संस्थान मध्यभारतात विलीन झालं. जहागिऱ्या जाणार हे जसजसं नक्की होत गेलं, तसतशी सरदारांनी घरातली एकेक वस्तू विकायला काढली, आणि पहिली वस्तू मोटार. दागिने बायका सोडत नव्हत्या, जमिनींचं काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि मोटार तर रोज पेट्रोल मागत होती. यातल्या पुष्कळशा साध्या मोटारी नव्हत्याच. तरुणपणीच्या मस्तीत विलायतेहून मागवलेल्या, लांब नाकाच्या, जेमतेम दोन माणसं बसतील अशा, शर्यतीच्या जातीच्या गाड्या. पंधरा-वीस वर्षं आग्रा-मुंबई रस्त्यावर पिटाळलेल्या. असल्या गाडीचा भाव ठरवायचा कसा? "नव्या गाडीला कंपनीचा भाव असतो," पंत म्हणत, "भंगाराला वजनाचा असतो. मधल्या गाडीला भावच नसतो. तिला माणूस लागतो." तो माणूस म्हणजे ते स्वतः, हे वेगळं सांगायची गरज नसे.

पण ते काम जाणत होते, हे मला त्यांचा राग राग करतानाही कबूल करावं लागतं. गाडीच्या रंगाकडे ते बघतच नसत. आधी ब्रेकच्या पेडलचं रबर बोटानं चाचपत. मग दार थोडं उचलून बघत, बिजागरी किती लोंबते ते. सुती कपड्यात गुंडाळलेलं एक लोहचुंबक पत्र्यावरून फिरवत. जिथं ते चिकटत नसे, तिथं पत्रा सडलेला आणि वरून पुट्टी भरलेली. शेवटी इंजिन सुरू करायला सांगून सागाची एक काठी त्यावर टेकवत आणि दुसरं टोक कानाला लावून डोळे मिटत. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती यायची ती ते देवापुढे बसलेले असतानाही मी पाहिली नाही.

किंमत करायची खोड मात्र मोटारींपुरती नव्हती. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या बायकोला न्याहाळून सगळ्या गल्लीदेखत म्हणाले, "जोशी, सौदा चांगला झाला. तुमच्या बाजूनं." बायको लाजली. मी खूश झालो. ती तिची स्तुती नसून माझी किंमत होती, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. गल्लीत कोणाचा मुलगा मॅट्रिकला बसला की तो किती वेळा बसेल ते पंत आधीच सांगत. नवऱ्यामुलाकडची मंडळी मुलगी बघून गेली की त्यांचा नकार येणार की होकार ते जिन्यातच सांगून टाकत. बरोबर निघे. म्हणूनच लोक त्यांना टाळत आणि म्हणूनच बोलावत.

माझे वडील दम्यानं अंथरुणाला खिळले होते तेव्हा पंत भेटायला आले. पलंगाजवळ बसले, खाली वाकले आणि वडिलांच्या छातीजवळ कान नेला. काठी तेवढी नव्हती. मग सरळ बसून म्हणाले, "वाल्व गेलेत. होळी बघत नाहीत." हे वडिलांच्या समोर. वडील शुद्धीवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते नीट जेवलेच नाहीत. होळीच्या आधी गेले. खांदा द्यायला पंत सगळ्यांत आधी हजर. वाटेत माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी म्हणालो होतो न." त्या दिवसापासून मी या माणसाचा द्वेष केला आणि रोज सकाळी त्याला नमस्कारही केला. नोकरी होती.

तरीही त्यांच्या भावाला ग्वाल्हेरमध्ये कोणी नाव ठेवत नसे. विकणारा आणि घेणारा, दोघांच्याही हातात ते रुमालाखाली तोच आकडा दाबत. कोणाकडचं पाणीसुद्धा पीत नसत. एका सरदारांच्या विधवा होत्या, त्यांना काकीसाहेब म्हणत. त्यांच्याकडची गाडी बघायला मी बरोबर गेलो होतो. नवरा गेल्यावर बाईंनी गाडी देवासारखी ठेवलेली. गॅरेजात उदबत्ती. दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर गाडीची पूजा, झेंडूचा हार, आणि पुढच्या लोखंडी तुळईवर नारळ फोडायचा. नारळाचं पाणी तुळईवरून आत ओघळायचं आणि ते पुसायचं नाही, कारण तो प्रसाद. पंतांनी खाली आडवं होऊन बघितलं आणि स्क्रू-ड्रायव्हर तुळईत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"काकीसाहेब, नळीतून धूर नाही, इंजिन छान आहे," उठून कपडे झटकत ते म्हणाले, "पण खालून गाडी उरलेली नाही. तुमच्या पूजेनं सडली."

"सरकार होते तेव्हापासून आम्ही असंच करत आलो," बाई म्हणाल्या. सरकार म्हणजे नवरा.

"तेव्हापासूनच सडते आहे."

बाईंचे डोळे भरून आले. पंतांनी ते पाहिलं, वाट बघितली, आणि मग रुमाल टाकला. रडून झाल्यावरच टाकला, कारण रडणाऱ्या माणसाचा हात थरथरतो आणि बोटं नीट कळत नाहीत. मला हे त्यांनी परतताना सांगितलं, शिकवण म्हणून.

त्याच दिवशी त्यांनी खरीदारालाही सोलून काढलं होतं, हेही सांगायला हवं. कानपूरचा एक व्यापारी होता. त्याला दुसरी एक गाडी आवडली होती आणि तिचा भाव पाडायला त्यानं मैलांच्या काट्यावर बोट ठेवलं. काटा एक पूर्ण फेरी मारून पुन्हा शून्यापासून निघालेला. "पंडितजी, यह तो बूढ़ी हो गई," तो म्हणाला. पंत भडकले. "मैल से गाड़ी नहीं मरती, लाला. मालिक से मरती है. जो रोज चली, जिसका तेल बखत पर बदला, वह जिंदा है. जो खड़ी रही, वह मुर्दा. मैल ही गिनना है तो तांगा ले लो." त्या गाडीचा भाव त्यांनी चांगला केला आणि व्यापाऱ्याला तो द्यावा लागला. हे त्यांचं मैलांचं शास्त्र मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते झोपेतही म्हणून दाखवता आलं असतं. पुढं काय झालं ते समजायला एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पंतांना एकच मुलगी, इंदू. अंगानं बारीक, हसरी, आणि बापाला न घाबरणारी गल्लीतली एकमेव व्यक्ती. तिला त्यांनी सरदार बोरगावकरांकडे दिली होती. लग्नात थाट केवढा! तेव्हा जहागिरी होती. जावई रघुनाथ, साधा, भला मुलगा. जहागिरी गेल्यावर बोरगावकरांकडे विकण्यासारखी एकच वस्तू राहिली, मैना. सरदारांच्या वडिलांच्या लाडक्या घोडीचं नाव मैना होतं, तेच मोटारीला दिलेलं. गडद हिरवी, उघड्या टपाची, सहा सिलिंडरांची. सरदारांना, म्हणजे रघुनाथच्या वडिलांना, बाबासाहेबांना, एकच शौक. सकाळी लश्करातून निघून शिवपुरीला चहा घ्यायचा आणि जेवायला परत. हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. मैनाचा काटाही एक फेरी मारून पुढं गेला होता. पण तिचं तेल बाबासाहेब स्वतः बदलत, आणि दुसऱ्या कोणाला तिला हात लावू देत नसत.

रघुनाथच्या एका मित्रानं शिवपुरी रस्त्यावर लॉऱ्या सुरू करायचं ठरवलं होतं. मैनाचे चांगले पैसे आले तर रघुनाथचा त्यात वाटा पडणार, आणि नवरा-बायको ग्वाल्हेरमध्येच राहणार. नाही आले तर रघुनाथ कुठंतरी दूर नोकरीला आणि इंदू सासूच्या ताब्यात. सासू कशी आहे ते माईकाकूंच्या चेहऱ्यावरून गल्लीला माहीत होतं. बिर्लानगरकडच्या कापडाचे एक दलाल, लालाजी, गाडी घ्यायला तयार होते. एकच अट, पंडितजी सांगतील तो भाव. बोरगावकरांनी आनंदानं मान्य केली. घरचाच माणूस भाव करणार, आणखी काय हवं?

आदल्या दिवशी इंदू माहेरी आली. मी पंतांकडे कागदांवर सह्या घ्यायला गेलो होतो. माईकाकू शेंगा सोलत होत्या.

"बाबा, उद्या येणार न तुम्ही आमच्याकडे?" इंदू म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, वडलांना जरा सांगून ये."

"काय सांगून ये?"

"तेच. की जरा सांभाळून घ्या. मी तर म्हटलं, बाबा कोणाचं ऐकत नाहीत. पण त्या म्हणाल्या, तू सांगून तर बघ."

पंतांनी पान लावून तोंडात घातलं. माईकाकूंनी हातातली शेंग न सोलता तशीच धरून ठेवली होती. "अहो, पोर मागत काय आहे," त्या म्हणाल्या. "गाडी तर चांगलीच आहे न. जे खरं ते सांगा, बस."

"जे खरं तेच सांगतो मी," पंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तांग्यात बसल्यावर मला म्हणाले, "मुलीकडून निरोप पाठवतात! आता मला काही सोयच ठेवली नाही यांनी." मला वाटलं, रागावलेत, उतरेल राग.

बोरगावकरांच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या. लालाजी आलेले. बाबासाहेब जरीची टोपी घालून, जणू मैनाचं कन्यादान आहे. रघुनाथ मागे उभा. दारात इंदू खसच्या सरबताचा ट्रे घेऊन, आणि तिच्या मागे पदर सावरत सासूबाई. पंतांनी आपलं सगळं शास्त्र केलं. रबर चाचपलं, दार उचललं, लोहचुंबक फिरवलं. ते सगळीकडे चिकटलं. खाली आडवे झाले. स्क्रू-ड्रायव्हर कुठंच शिरला नाही. धुराचा रुमाल धरला, तो जवळजवळ कोराच निघाला. काठी इंजिनावर टेकवून डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तसेच राहिले. त्या चेहऱ्यावरची शांती मला ओळखीची होती. मनात म्हटलं, झालं, पाच बोटं.

पंत सरळ झाले. काठी पुसली. काट्याकडे वाकून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मैल फार झालेत."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी डाव्या खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि बाबासाहेबांच्या हातावर टाकला. रुमालाची कड जराशी हलली. बाबासाहेब हसत होते, ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. मग ज्या माणसानं जन्मात पैशाचा आकडा तोंडातून काढला नव्हता तो माणूस मोठ्यानं म्हणाला, "दोन? दोन हजार? मैनाचे?"

पंतांनी हात मागे घेतला आणि रुमालाची घडी घातली.

"रुमालाखालची गोष्ट तुम्ही तोंडानं बोललात, बाबासाहेब," ते म्हणाले. "आता खरीदारानं ऐकली. आता मी काय करू?"

ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात चूक ठरली नसती. तिथं माणसांनी घासाघीस केली असती, पाच मागून चारावर उतरली असती. पण इथं भाव उघड्यावर आला म्हणजे आला. सरदार काय, चारचौघांत घासाघीस करणार? आणि जिची किंमत अंगणात पुकारली गेली ती वस्तू घरात ठेवून घेणार? बाबासाहेबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि लालाजींना म्हणाले, "ले जाइए." लालाजींनी माझ्याकडे बघितलं. तो माणूस लुच्चा नव्हता, पण व्यापारी होता. फाटकाबाहेर मला हळूच म्हणाला, "बाबूजी, हम तो पाँच सोच के आए थे."

इंदू ट्रे घेऊन तशीच उभी होती. सरबत कोणी घेतलं नाही. सासूबाई पुढं आल्या. त्यांचा आवाज अगदी गोड होता. "व्याहीबुवा, आमच्या गाडीची किंमत तुम्ही केलीत. आता तुमच्या मुलीची आम्ही करू. तिचं माहेर आजपासून बंद." त्यांनी इंदूच्या हातातला ट्रे घेतला, तिला आत जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. रघुनाथ काही बोलेल असं मला वाटलं. तो भला मुलगा होता, म्हणजे काही बोलला नाही.

तांग्यात मी न राहवून म्हटलं, "पंत, मैलांनी गाडी मरत नाही, हे तुम्हीच सांगता न?"

"गप्प बसा."

"ती गाडी पाचाची होती."

"उद्या बाड्याच्या चौकातले रिकामटेकडे बोलले असते, राजूरकरनं लेकीच्या सासरी भाव फुगवला," ते म्हणाले. "त्यांना कोण तोंड देणार? तुम्ही?" आणि मग बरंच पुढं गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "कमी केल्याबद्दल मला कोणी बोलणार नाही."

खरंच कोणी बोललं नाही. उलट ग्वाल्हेरभर वाहवा झाली. व्याह्यालाही सोडलं नाही, असा माणूस! पंतांनी ती वाहवा कित्येक महिने चवीनं खाल्ली. रघुनाथ जबलपूरला कुठल्याशा कारखान्यात कारकून झाला आणि इंदूला घेऊन गेला नाही, आईनं नेऊ दिली नाही. बोरगावकर मंडळी थाटीपुरात एका लहानशा भाड्याच्या घरात राहायला गेली. आमच्या गल्लीपासून तांग्यानं कितीसं अंतर ते! पण इंदू आली नाही. माईकाकूंनी मुरारकडच्या एका देवळाची वारी सुरू केली. तो देव त्यांचा कोणीच नव्हता. त्या वाटेवरून इंदूच्या घराची गच्ची दिसे, आणि कधी कधी गच्चीवर पापड वाळत घालणारी इंदूही. दोघी एकमेकींकडे बघत आणि हातही हलवत नसत, कारण खाली सासूबाई असत. हे काकू माझ्या बायकोला सांगत. नवऱ्याला त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त तो पांढरा रुमाल धुवायचा आणि इस्त्री करायचा सोडून दिला. पंत तो धोब्याकडे टाकू लागले.

मग आमची छाननी झाली. संस्थानांतली माणसं नव्या सरकारच्या नोकरीत कुठल्या जागी बसवायची हे ठरवायला बाहेरगावचे तीन साहेब आले. आम्ही सगळे व्हरांड्यात बाकांवर. पंत आत गेले तेव्हा दार उघडंच होतं. "मॅट्रिक?" "नाही." "कोई सर्टिफिकेट?" "माझं नाव विचारा गावात." "नाम का हम क्या करें?" तिघांनी आपापसात काहीतरी बोलणं केलं आणि एकानं पंतांच्या जागेचा दर्जा, कपात केलेला पगार आणि मिळेल ती पेन्शन, सगळं खणखणीत आवाजात सांगून टाकलं. चपराशांनी ऐकलं, ड्रायव्हरांनी ऐकलं, मी ऐकलं. पंत बाहेर आले तेव्हा त्यांचा डावा हात खिशात होता. मला वाईट वाटायला हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढं भिंतीकडे वळलेलं वडिलांचं तोंड आलं आणि मला बरं वाटलं. हे जसं वाटलं तसं लिहितो.

माईकाकू त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी गेल्या. आजार मोठा नव्हता, पण त्यांना उठायचंच नव्हतं. पंतांनी त्यांच्या छातीला कान लावला नाही, एवढं मी पाहिलं. बोरगावकरांकडे माणूस पाठवला. "सुतक संपलं की पाठवू," असं उत्तर आलं. इंदू आली ती तेराव्याला. आईच्या फोटोपुढं बसली, जेवली नाही. केस पांढरे व्हायला लागलेले, आणि वय ते काय! निघताना पंत तिच्यापुढं गेले. हा माणूस घाबरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

"बरी आहेस न?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बघून सांगा, बाबा," इंदू म्हणाली. "तुम्हाला कळतं." आणि चप्पल घालून जिना उतरली.

पुढं राज्यं पुन्हा नव्यानं जोडली गेली. मध्यभारत गेलं, मोठा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला. आमचं खातं तिकडं हललं आणि आम्हीही बाडबिस्तरा बांधला. निघायच्या दिवशी बाड्यावर तांगा उभा करून मी पोस्टात पत्ता बदलायचा अर्ज द्यायला गेलो, तर पायऱ्यांवर पंत. पेन्शनच्या मनीऑर्डरची चौकशी करायला आलेले. कोटाची बटणं चुकीची लावलेली. पण खिसे दोन्ही फुगलेले.

"चाललात भोपाळला," ते म्हणाले. "तिथं हवा बरी आहे म्हणतात."

मी हो म्हटलं. तेवढ्यात सराफ्याच्या बाजूनं एक आवाज आला, खर्जातला, एकसारखा, कुठं न अडकणारा. पंतांनी बोलणं सोडलं आणि मान कलती केली. मैना होती. रंग आता लाल केलेला, पण ते लांब नाक चुकण्यासारखं नव्हतं. लालाजींनी ती कुणा डॉक्टरला दुपटीच्या वर विकल्याचं माझ्या कानावर होतं. पंतांच्याही असणार. बाड्याला वळसा घालून ती आमच्या अगदी समोरून गेली. काटा आणखी किती पुढं गेला असेल कोण जाणे. मागे धुराचा मागमूस नव्हता. पंतांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी शांती येऊ लागली, आणि अर्ध्यावर थांबली.

मग त्यांनी डाव्या खिशातून रुमाल काढला. तो पिवळट पडला होता, चुरगळलेला होता. त्यांनी तो माझ्या हातावर टाकला आणि खालून माझं बोट धरून दाबलं. एक. मग दुसरं. तिथं जरा थांबले. मग तिसरं दाबलं, चौथं दाबलं, आणि पाचवं दाबून माझा सगळा पंजा आपल्या मुठीत धरून ठेवला. हात थंड होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, ज्या बाजूला मैना दिसेनाशी झाली तिकडं बघत होते, आणि माझ्या तळहाताची वाट बघत होते. मी तो उलटा करावा, एवढंच त्यांना हवं होतं. कोणीतरी एकानं.

मला गच्चीवर पापड वाळत घालणारी इंदू आठवली. माईकाकूंचा तो भलताच देव आठवला. मी हात काढून घेतला.

तांग्यात बायको विचारत होती, काय म्हणाले पंत. मी मागे वळून पाहिलं. पोस्टाच्या पायरीवर ते तसेच उभे होते, हात पुढं केलेला, त्यावर रुमाल, आणि रुमालाखाली काही नाही. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून आत जात होते. "काही नाही," मी म्हटलं, आणि तांगेवाल्याला जरा लवकर हाकायला सांगितलं, गाडीची वेळ झाली होती.